व्ही-१ मधल्या न्यूरॉनला प्रश्न कसे विचारायचे: स्पाइकपासून ट्यूनिंग कर्व्हपर्यंत, नवख्यांसाठी

व्हिज्युअल कॉर्टेक्सबद्दल (मेंदूचा दृश्य हाताळणारा भाग, व्ही-१ हा त्यातला पहिला टप्पा) वाचायला घेतलं की सुरुवातीलाच "हा न्यूरॉन उभी रेघ ओळखतो" असलं वाक्य भेटतं आणि तिथेच घोळ सुरू होतो. न्यूरॉन काही ओळखत बिळखत नाही हो, तो कधी जास्त स्पाइक (विजेचे क्षणिक ठोके) देतो कधी कमी देतो, बस. ते जास्त-कमी नेमकं कशामुळे झालं हे आपल्याला प्रयोग नीट लावून शोधावं लागतं, कारण एकाच आकड्यामागे पाच-सहा कारणं असू शकतात, रेघेचा कोन असेल, कॉन्ट्रास्ट असेल, रेघ थोडी बाजूला पडली असेल, किंवा काहीच नसेल, नुसता योगायोग. म्हणून हा लेख सगळा क्रमाबद्दल आहे, आधी काय विचारायचं आणि मग काय. लॅब असायलाच पाहिजे असं नाही, एक लॅपटॉप, पायथन आणि इंटरनेटवर उघडा ठेवलेला डेटा एवढ्यावर यातलं बहुतेक सगळं करता येतं. (प्राण्यांवर रेकॉर्डिंग हा वेगळा विषय आहे, त्याला एथिक्स कमिटीची परवानगी आणि शिकवणारं माणूस दोन्ही लागतं, त्यामुळे तिकडे एकट्याने जायचा विचारही नको.)

आधी रस्ता थोडक्यात

डोळ्याच्या रेटिनात साधारण १२ कोटी रॉड आणि ६० लाखांच्या आसपास कोन (इंग्रजी cone, अँगल नव्हे) पेशी असतात, दोन्ही उजेड टिपणाऱ्या, पण रेटिनातून मेंदूकडे जाणारे तंतू साधारण १० लाखच. म्हणजे मेंदूत काही पोचायच्या आधीच भरपूर काटछाट झालेली असते. ती कशी होते याचा पहिला चांगला पुरावा स्टीफन कफलरने १९५३ मध्ये मांजराच्या रेटिनात दाखवला: गँग्लियन पेशीला (हिचाच तंतू मेंदूकडे जातो) एका छोट्या गोल जागेत उजेड पडला तर आवडतो आणि त्याच्या भोवतीच्या कड्यात पडला तर ती गप्प होते, काही पेशींचं बरोबर उलटं. या पेशींना सपाट उजेडात फारसा रस नाही, आजूबाजूच्या फरकात आहे. तिथून सिग्नल मेंदूच्या आतल्या थॅलॅमसमधल्या एलजीएन नावाच्या थांब्याला जातो, माकडात आणि आपल्यात त्याचे सहा थर, आणि तिथून डोक्याच्या मागच्या भागात व्ही-१ ला, मुख्यतः चौथ्या थरात. मांजर-माकडांच्या एलजीएनपर्यंत ही गोल फील्डंच (पेशी दृश्यातल्या ज्या तुकड्याला उत्तर देते तो तुकडा म्हणजे फील्ड) चालतात, रेघ कुठल्या कोनात आहे याने फारसा फरक पडत नाही.

व्ही-१ मध्ये चित्र बदलतं. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या कॉर्टेक्समध्ये इलेक्ट्रोड घालून काचेच्या स्लाइडवरचे ठिपके दाखवत होते, पेशी काही बोलेना, आणि मग लक्षात आलं की ती ठिपक्याला नाही तर स्लाइड सरकवताना पडणाऱ्या काचेच्या कडेच्या सावलीला उत्तर देतेय, तेही एका ठराविक कोनातच. १९५९ आणि १९६२ चे त्यांचे पेपर आजही वाचायला सोपे आहेत. १९८१ मध्ये रॉजर स्पेरीबरोबर दोघांना नोबेल मिळालं. मला या किश्शात नशिबापेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती ही की इलेक्ट्रोड स्पीकरला जोडलेला होता, स्पाइक कानाने ऐकू येत होते, त्यामुळे ठरवलेल्या यादीबाहेरचं काही घडलं तेही पकडता आलं. आज आपण सगळं ऑटोमॅटिक चालवतो आणि शेवटी एक ग्राफ बघतो, तसं करू नका, कच्चा डेटा डोळ्याखालून घाला.

पायरी १: तुम्ही नेमकं काय मोजताय?

हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊच नका. तीन गोष्टी सर्रास एकमेकांत मिसळल्या जातात.

इलेक्ट्रोडने मिळतात ते स्पाइक. एक स्पाइक साधारण १ मिलिसेकंदाचा, व्होल्टेज सेकंदाला ३०,००० वेळा वगैरे नोंदवतात, ३०० हर्ट्झच्या खालचं फिल्टर करून टाकतात आणि मग कुठला स्पाइक कुठल्या पेशीचा याची वर्गवारी सॉफ्टवेअर करतं. २०१७ मध्ये आलेल्या न्यूरोपिक्सेल्स प्रोबवर ९६० जागा आहेत आणि एका वेळी त्यातल्या ३८४ वरून रेकॉर्ड करता येतं, म्हणजे एका सुईतून शेकडो पेशी. वर्गवारीत चुका होतात हे धरून चाला, दोन पेशींचे स्पाइक एकाच नावाखाली गेले की तुम्हाला दोन कोन आवडणारा "विचित्र" न्यूरॉन सापडतो आणि आनंद होतो.

कॅल्शियम इमेजिंगमध्ये तुम्ही स्पाइक बघतच नाही, स्पाइकमुळे पेशीत कॅल्शियम वाढतं आणि त्यामुळे जीकॅम्पसारखं प्रोटीन चमकतं, ती चमक बघता. ती चमक ओसरायला शेकडो मिलिसेकंद लागतात. हजारो पेशी एकदम दिसतात हा मोठा फायदा, पण "ही पेशी ४५ मिलिसेकंदांनी उत्तर देते" असलं काही त्यावरून सांगायला जाऊ नका.

आणि एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं स्कॅन, त्यात तर एका व्हॉक्सेलमध्ये (स्कॅनमधला सगळ्यात छोटा ठोकळा) लाखो न्यूरॉन आणि मोजतो आपण रक्तातल्या ऑक्सिजनमधला बदल. एका न्यूरॉनबद्दल त्यातून थेट काही कळत नाही. या लेखात पुढे सगळं स्पाइकच्या भाषेत आहे.

पायरी २: स्क्रीन आधी सुधारा, मेंदू नंतर

कंटाळवाणी पायरी आहे, पण निम्मा कचरा डेटा इथेच तयार होतो.

डोळ्याला सेंटिमीटर कळत नाहीत, कोन कळतो. म्हणून सगळं डिग्रीत मोजायचं. स्क्रीन डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर ठेवली की १ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ १ डिग्री, हिशोब सोपा होतो म्हणून हे अंतर खूप ठिकाणी दिसतं. समजा स्क्रीन ४८ सेंटिमीटर रुंद आहे आणि आडवे १९२० पिक्सेल आहेत, म्हणजे १ सेंटिमीटरला ४० पिक्सेल, म्हणजे डिग्रीला ४० पिक्सेल. आता डिग्रीला २ सायकल अशी ग्रेटिंग हवी असेल (ग्रेटिंग म्हणजे काळे-पांढरे पट्टे, पण कडा हळूहळू बदलणाऱ्या, साइन वेव्हसारख्या) तर एक सायकल २० पिक्सेलची. उंदरांच्या प्रयोगात स्क्रीन खूप जवळ असते, तिथे सपाट स्क्रीनच्या कडेला हे गणित बिघडतं आणि चित्र मुद्दाम वाकवून दाखवावं लागतं.

दुसरं, गॅमा. पिक्सेलची व्हॅल्यू २५५ च्या निम्मी म्हणजे १२८ दिली की उजेडही निम्मा असं वाटतं, पण नेहमीच्या मॉनिटरवर तो जेमतेम २२ टक्के येतो. दुरुस्त केलं नाही तर तुमची साइन वेव्ह साइन राहत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवला की सरासरी उजेडही वाढतो, मग न्यूरॉन कॉन्ट्रास्टला उत्तर देतोय की उजेडाला हे देवच जाणे. त्याच कारणाने दोन स्टिम्युलसच्या (दाखवलेल्या चित्रांच्या) मधली रिकामी स्क्रीन काळी नको, ग्रेटिंगच्या सरासरी उजेडाइतकी करडी हवी. सायकोपाय किंवा सायकटूलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये या सगळ्याची सोय आहे, वापरा.

तिसरं, वेळ. सॉफ्टवेअर म्हणतं आत्ता दाखवलं, पण स्क्रीनवर ते एक-दोन फ्रेम उशिरा येतं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद. माकडाच्या व्ही-१ मध्ये पहिलं उत्तर यायलाच ४० ते ६० मिलिसेकंद लागतात, त्यात १७ ची चूक म्हणजे चेष्टा नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन काळा-पांढरा करायचा, त्यावर फोटोडायोड चिकटवायचा आणि त्याचा सिग्नल स्पाइकबरोबरच रेकॉर्ड करायचा, खरी वेळ तीच. दुसऱ्याचा डेटा वापरत असाल तर ही वेळ दिलेली आहे का ते बघा, नसेल तर लेटन्सीबद्दल (उत्तर यायला लागणाऱ्या वेळेबद्दल) काही लिहू नका.

पायरी ३: रिसेप्टिव्ह फील्ड कुठे आहे?

प्रत्येक पेशी दृश्याच्या एका छोट्या तुकड्याकडेच बघत असते. माकडात नजरेच्या मध्याजवळच्या व्ही-१ पेशींचं फील्ड १ डिग्रीपेक्षाही लहान असू शकतं. हात लांब केल्यावर करंगळीच्या नखाची रुंदी साधारण १ डिग्री भरते, त्यावरून अंदाज घ्या. तुमची सुंदर ग्रेटिंग त्या तुकड्याच्या बाहेर पडली तर न्यूरॉन गप्प बसणार आणि तुम्ही लिहिणार की "याला कोन आवडत नाहीत".

शोधायची साधी पद्धत: करड्या पडद्यावर छोटे काळे आणि पांढरे चौकोन एका वेळी एक, यादृच्छिक जागी, थोड्या थोड्या वेळासाठी दाखवा. मग प्रत्येक स्पाइकपासून ५० मिलिसेकंद वगैरे मागे जाऊन बघा की तेव्हा स्क्रीनवर काय होतं, आणि या सगळ्यांची सरासरी काढा. याला स्पाइक-ट्रिगर्ड अ‍ॅव्हरेज म्हणतात. किती मागे जायचं ते एकच ठरवू नका, २० पासून १०० पर्यंत वेगवेगळे टप्पे घेऊन बघा, नकाशा हळूहळू उमटतो आणि परत पुसला जातो, तो बघायला खरंच मजा येते.

पण इथे एक सापळा आहे. काही पेशींना एकाच जागी पांढरं आलं तरी चालतं आणि काळं आलं तरी चालतं. पांढरा म्हणजे अधिक एक, काळा म्हणजे उणे एक धरून सरासरी घेतली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, नकाशा सपाट करडा येतो. नवीन माणूस ती पेशी फेकून देतो. म्हणून काळ्याचा नकाशा वेगळा, पांढऱ्याचा वेगळा, आणि दोन्हींची बेरीज वेगळी, असे तीन नकाशे काढा. पहिल्या दोन्हींत वेगवेगळ्या जागी डाग आले तर ती बहुधा सिंपल पेशी, एकमेकांवर बसले तर बहुधा कॉम्प्लेक्स, हे दोन प्रकार काय ते पायरी ६ मध्ये पक्कं होईल.

जागं माकड असेल तर अजून एक भानगड म्हणजे नजर. टक लावून बघतानाही डोळा बारीक बारीक हलतच असतो, आणि फील्ड अर्ध्या डिग्रीचं असेल तर तेवढ्याने नकाशा पसरट होतो. आय ट्रॅकरचा डेटा असेल तर नजर हललेल्या ट्रायल (चित्र एकदा दाखवणं म्हणजे एक ट्रायल) बाजूला काढा.

पायरी ४: कोन विचारा, आणि एकदाच विचारू नका

फील्ड सापडलं की त्यावर ग्रेटिंग ठेवायची आणि कोन बदलायचे. क्रम यादृच्छिक ठेवा, ओळीने ०, ४५, ९० असं दाखवू नका, कारण पेशी आधीच्या स्टिम्युलसला सरावते आणि थकते तो परिणाम कोनाच्या परिणामात मिसळतो. मधेमधे रिकाम्या करड्या स्क्रीनच्या ट्रायल घाला, त्याच तुमची बेसलाइन, म्हणजे काही न दाखवता येणारे स्पाइक.

आता आकडे बघू. समजा ४५ डिग्रीची ग्रेटिंग अर्धा सेकंद, दहा वेळा दाखवली आणि स्पाइक आले असे: ९, १४, ७, ११, १६, ८, १२, ११, ५, ७. चित्र तेच, न्यूरॉन तोच, तरी एकदा ५ आणि एकदा १६! नवीन माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नाही, कॉर्टेक्स असंच बोलतो. सरासरी १०, म्हणजे सेकंदाला २० स्पाइक. व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत त्याचं माप) काढलात तर ११.८ येतो, भागिले सरासरी, जवळपास १.२. या भागाकाराला फॅनो फॅक्टर म्हणतात आणि व्ही-१ मध्ये तो १ च्या आसपास, बऱ्याचदा थोडा वर सापडतो. तुमचा ०.१ आला तर खुश होऊ नका, कोड तपासा. आणि ४ वगैरे आला तर प्राणी मधेच झोपला किंवा इलेक्ट्रोड सरकला का ते बघा.

याचा अर्थ काय, तर एका ट्रायलवरून कोन सांगता येत नाही. ७ स्पाइक आले, म्हणजे ४५ च होता का? कशावरून?

स्पाइक मोजायची खिडकीही विचार करून ठरवा. ग्रेटिंग दिसल्यावर पहिले ४० एक मिलिसेकंद काही येणारच नाही, मग एक जोरदार झटका येतो आणि मग उत्तर खाली येऊन स्थिर होतं. नुसता झटका मोजायचा की पूर्ण खिडकी हे आधी ठरवा, ग्राफ बघून नंतर नाही. त्यासाठी आधी रास्टर काढा, प्रत्येक ट्रायलची एक ओळ, प्रत्येक स्पाइकचा एक ठिपका. सरासरीचा ग्राफ काढण्याआधी रास्टर बघायची सवय लावून घ्या, इलेक्ट्रोड हलला, पेशी मधेच गायब झाली, सगळं त्यात उघडं पडतं.

पायरी ५: एका आकड्यात सिलेक्टिव्हिटी

समजा चार कोनांना सरासरी उत्तर असं आलं, सेकंदाला स्पाइक: ० डिग्रीला ६, ४५ ला २०, ९० ला ६, १३५ ला २. रिकाम्या स्क्रीनलाही २. ही झाली ट्यूनिंग कर्व्ह. आता "किती सिलेक्टिव्ह", म्हणजे कोनाबाबत किती चोखंदळ, हे एका आकड्यात सांगायचं तर व्हेक्टर बेरीज करतात, प्रत्येक कोनाला एक बाण, बाणाची लांबी म्हणजे उत्तर.

फक्त कोन दुप्पट करून घ्यायचे. कारण रेघेला दिशा नसते, ० आणि १८० म्हणजे एकच. १० डिग्री आणि १७० डिग्री या दोन रेघा खरं तर जवळजवळ सारख्या, दोन्ही आडव्या, पण साधी सरासरी घेतली तर येते ९०, म्हणजे उभी! दुप्पट केलं तर २० आणि ३४०, त्यांची मधली दिशा ०, अर्धं केलं तरी ०. बरोबर.

आपल्या आकड्यांत ० आणि ९० चे बाण (दुप्पट केल्यावर ० आणि १८०) एकमेकांना रद्द करतात, ४५ आणि १३५ चे उरतात, २० वजा २ म्हणजे १८. भागिले सगळ्यांची बेरीज ३४. उत्तर ०.५३, हा ओएसआय (ओरिएंटेशन सिलेक्टिव्हिटी इंडेक्स). आता कोणी म्हणेल बेसलाइन आधी वजा करा, तर आकडे होतात ४, १८, ४, ०, बेरीज २६, आणि ओएसआय १८ भागिले २६ म्हणजे ०.६९. न्यूरॉन तोच, डेटा तोच, एकदा ०.५३ एकदा ०.६९! दोन्ही पद्धती लोक वापरतात. त्यामुळे दोन पेपरांतले ओएसआय शेजारी ठेवून तुलना करण्याआधी कोणी काय वजा केलंय ते वाचा, आणि स्वतःचं लिहिताना स्पष्ट लिहा. काही पेपरांत तर आवडता कोन आणि त्याला काटकोनात असलेला कोन एवढे दोनच घेऊन सूत्र करतात, त्याचा आकडा अजून वेगळा.

अजून एक. ओएसआय कधी उणे येत नाही, त्यामुळे ज्या पेशीला कोनाशी काही घेणंदेणं नाही तिचाही शून्य येत नाही, नुसत्या गोंधळामुळेही काहीतरी अधिकच येतो, ट्रायल कमी असतील तर चांगला ०.२-०.३ येऊ शकतो. यावर उपाय म्हणजे ट्रायलवरच्या कोनांची नावं हजार वेळा फेटून प्रत्येक वेळी ओएसआय काढायचा आणि खरा आकडा त्या गर्दीच्या बाहेर पडतो का ते बघायचं. आणि आवडता कोन अर्ध्या ट्रायलवरून ठरवा, कर्व्ह उरलेल्या अर्ध्यांवरून काढा. त्याच ट्रायलवर दोन्ही केलं की शिखर उगाच उंच दिसतं.

सरकणाऱ्या ग्रेटिंगमध्ये एक गोंधळ हमखास होतो: पट्ट्यांचा कोन आणि सरकण्याची दिशा यांत ९० डिग्रीचा फरक असतो. उभे पट्टे आडवे सरकतात. डेटा फाइलमध्ये "९०" लिहिलंय ते कशाचं हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि काही पेशींना पट्टे एकाच दिशेला सरकलेले चालतात, उलटे नाही, त्यांच्यासाठी कोन दुप्पट न करता पूर्ण ३६० मध्ये वेगळा डायरेक्शनचा इंडेक्स काढावा लागतो.

पायरी ६: पट्टे किती बारीक, आणि सिंपल की कॉम्प्लेक्स

पट्ट्यांचा बारीकपणा, म्हणजे स्पेशियल फ्रिक्वेन्सी, हीसुद्धा प्रत्येक पेशीची आवड असते आणि प्राण्याप्रमाणे प्रचंड बदलते. माकडात नजरेच्या मध्याच्या आसपास डिग्रीला काही सायकल, मांजरात एकच्या आसपास किंवा खाली, उंदरात ०.०४ वगैरे. ०.०४ म्हणजे एक सायकल २५ डिग्रीची! माकडासाठी बनवलेली ग्रेटिंग उंदराला दाखवली तर त्याला ती जवळजवळ सपाट करडी दिसणार. जमलं तर कोन आणि फ्रिक्वेन्सी एकत्र बदला, नाहीतर चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर काढलेली कोनाची कर्व्ह लुळी येते.

आता सिंपल-कॉम्प्लेक्स. ग्रेटिंग सेकंदाला २ सायकल या वेगाने किमान दोन सेकंद सरकू द्या. सिंपल पेशीचं फील्ड म्हणजे शेजारी शेजारी "इथे पांढरं हवं, इथे काळं हवं" असे पट्टे, त्यामुळे ग्रेटिंग जुळली की फटाफट स्पाइक, अर्धी सायकल सरकली की शांत, परत फटाफट. रास्टरमध्ये सेकंदाला दोन झुबके दिसतात. कॉम्प्लेक्स पेशीला कोन बरोबर पाहिजे पण पट्टा नेमका कुठे आहे याचं सोयरसुतक नाही, ती पूर्ण वेळ सारखं बोलत राहते. आकड्यात: ग्रेटिंगच्या फ्रिक्वेन्सीला असलेला चढउतार म्हणजे एफ१, भागिले बेसलाइन वजा केलेली सरासरी म्हणजे एफ०. १ पेक्षा जास्त तर सिंपल, कमी तर कॉम्प्लेक्स. खिडकीत पूर्ण सायकली बसल्या पाहिजेत, अर्धवट सायकल आली की एफ१ बिघडतो.

ह्युबेल-वीझलचं म्हणणं होतं की एलजीएनच्या गोल फील्डवाल्या पेशी एका ओळीत जोडल्या की सिंपल पेशी होते आणि सिंपल पेशी एकत्र केल्या की कॉम्प्लेक्स. पहिल्या भागाला पुढे चांगला आधार मिळाला, दुसरा भाग मात्र इतका सरळ नाही असं माझं मत झालंय, कारण दोन्ही प्रकार वेगळ्या डब्यांत नसून एकाच पट्टीच्या दोन टोकांसारखे आहेत का यावर बरीच वर्षं वाद चालू आहे. नवख्यांनी तूर्त इंडेक्स काढावा, हिस्टोग्राम बघावा आणि लेबल पेन्सिलने लिहावं.

पायरी ७: कॉन्ट्रास्ट, आणि सुरुवातीचा प्रश्न

४५ डिग्रीच्या ग्रेटिंगचा कॉन्ट्रास्ट कमी करत न्या. उत्तर २० वरून खाली येईल, कुठेतरी ते ६ होईल. आणि पूर्ण कॉन्ट्रास्टच्या ० डिग्रीला उत्तर काय होतं? तेही ६. आता तुम्ही फक्त न्यूरॉनचं ऐकताय, स्क्रीन दिसत नाहीये, सेकंदाला ६ स्पाइक आले, समोर फिकट ४५ आहे की ठसठशीत ०? सांगताच येत नाही. म्हणूनच "हा न्यूरॉन ४५ डिग्री ओळखतो" हे वाक्य मला खटकतं. मेंदूला कोन कळतो तो वेगवेगळ्या आवडीच्या बऱ्याच पेशींची उत्तरं एकमेकांशेजारी ठेवल्यावर, कारण कॉन्ट्रास्ट कमी झाला तर सगळ्यांचीच उत्तरं खाली येतात पण कोण पुढे कोण मागे हे तसंच राहतं.

ते तसंच का राहतं ही भारी गोष्ट आहे. कॉन्ट्रास्ट वाढवला तर ट्यूनिंग कर्व्ह उंच होते पण फारशी रुंद होत नाही. साध्या थ्रेशोल्डच्या मॉडेलमध्ये (ठराविक पातळीच्या वर गेलं तरच स्पाइक) ती रुंद व्हायला हवी, कारण आधी थ्रेशोल्डखाली असलेले कोनही वर येतात. यावर बरंच डोकं चाललंय, त्यातलं सगळ्यात उपयोगी पडलेलं उत्तर म्हणजे नॉर्मलायझेशन, डेव्हिड हीगरने १९९२ मध्ये ते व्ही-१ साठी नीट मांडलं: प्रत्येक पेशीचं उत्तर आजूबाजूच्या सगळ्या पेशींच्या एकत्रित उत्तराने भागलं जातं. यातूनच बाकी दोन गोष्टीही निघतात, एक म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टला उत्तर सपाट होतं, आणि दुसरं म्हणजे आवडत्या ग्रेटिंगवर काटकोनात दुसरी ग्रेटिंग ठेवली, जिला ही पेशी एकटीला उत्तरच देत नाही, तरी उत्तर खाली येतं. ग्रेटिंग फील्डपेक्षा खूप मोठी केली तरी बऱ्याच पेशी दबतात, म्हणून आकारही बदलून बघा, "मोठी ग्रेटिंग म्हणजे सुरक्षित" हा समज काढून टाका.

पायरी ८: खोटा न्यूरॉन बनवा, मग खऱ्याकडे जा

हे मी शेवटी लिहितोय पण तुम्ही आधी करा. पायथनच्या नमपाय लायब्ररीमध्ये ६४ बाय ६४ चा गॅबॉर फिल्टर बनवा, म्हणजे साइन पट्ट्यांवर मधोमध गॉसियनचा घुमट. ग्रेटिंगचं चित्र घ्या, पिक्सेलला पिक्सेल गुणा, सगळं बेरीज करा, उणे आलं तर शून्य करा, वर्ग करा, त्याला योग्य आकड्याने गुणून सेकंदाला स्पाइक करा, आणि शेवटी पॉइसॉन वितरणातून (सरासरीभोवती यादृच्छिक मोजणी देणारं) एक आकडा उचला. झाली सिंपल पेशी. कॉम्प्लेक्स हवी तर पाव सायकल सरकवलेले दोन गॅबॉर घ्या, दोघांच्या उत्तरांचे वर्ग बेरीज करा, हे १९८५ चं एडल्सन आणि बर्गन यांचं एनर्जी मॉडेल.

याचा फायदा काय, तर खरं उत्तर तुम्हालाच माहिती असतं. आवडता कोन ४५ ठेवा आणि वरच्या सगळ्या पायऱ्या चालवा. बऱ्याच जणांचं उत्तर १३५ येतं! कारण चित्राच्या अ‍ॅरेमध्ये ओळी वरून खाली मोजतात आणि गणितात वाय वरच्या बाजूला वाढतो, त्यामुळे कोन आरशात गेल्यासारखा उलटतो. खऱ्या डेटात ही चूक कधीच पकडली जाणार नाही कारण तिथे तुम्हाला खरं उत्तर माहिती नसतं. तसंच कोनाशी घेणंदेणं नसलेला एक न्यूरॉनही बनवा, सगळ्या कोनांना सेकंदाला ५ स्पाइक, आणि तुमचा कोड त्याला "सिलेक्टिव्ह" म्हणतो का ते बघा.

मग खरा डेटा. अ‍ॅलन इन्स्टिट्यूटची ब्रेन ऑब्झर्व्हेटरी सुरुवातीला सगळ्यात बरी, उंदराचा व्हिज्युअल कॉर्टेक्स, कॅल्शियम आणि न्यूरोपिक्सेल्स दोन्ही फुकट मिळतं आणि पायथनचं पॅकेजही आहे. सरकणाऱ्या ग्रेटिंगच्या भागात ८ दिशा आहेत, ४५ डिग्रीच्या अंतराने, पाच वेग, २ सेकंद दाखवून १ सेकंद करडी स्क्रीन. ४५ डिग्रीचं अंतर जरा विरळ आहे, त्यामुळे त्यावरून कर्व्हची रुंदी फार बारकाईने काढायला जाऊ नका, स्थिर ग्रेटिंगच्या भागात ३० डिग्रीचं अंतर आहे.

उंदराबद्दल दोन गोष्टी डोक्यात ठेवा. मांजर आणि माकडात सारखा कोन आवडणाऱ्या पेशी एकमेकांजवळ, कॉर्टेक्सच्या वरपासून खालपर्यंत कॉलममध्ये असतात, उंदरात मात्र त्या विखुरलेल्या असतात, शेजारच्या पेशीवरून हिची आवड सांगता येत नाही. आणि उंदीर चाकावर पळायला लागला की व्ही-१ ची उत्तरं वाढतात, नील आणि स्ट्रायकर यांनी २०१० मध्ये दाखवलं, आवडता कोन तोच राहतो पण आकडे मोठे होतात. धावण्याचा वेग त्याच डेटात दिलेला आहे, तर ट्रायल धावतानाच्या आणि उभं असतानाच्या अशा वेगळ्या करा, फॅनो फॅक्टर वेडावाकडा येत असेल तर अर्धं कारण तिथेच सापडतं.

आणि हो, बऱ्याच पेशी कशालाच उत्तर देणार नाहीत, ग्रेटिंगला नाही, नैसर्गिक फोटोंना नाही, सिनेमाच्या तुकड्यांनाही नाही. अ‍ॅलनच्या लोकांनी २०२० मध्ये जवळपास ६०,००० पेशी तपासल्या तेव्हा सगळ्यात मोठा गट हाच निघाला, दाखवलेल्या कुठल्याच स्टिम्युलसला भरवशाचं उत्तर न देणारा. त्या गुपचूप वगळून उरलेल्यांची सरासरी छापू नका, ग्राफच्या वरच लिहा एकूण किती पेशी होत्या, किती ठेवल्या आणि कुठल्या नियमाने ठेवल्या.